उताण्या पोहण्याचे विक्रम व त्यांची नोंद

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या युवकसभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या सभेसाठी विषय निवडण्याची मोकळीक महोत्सवसमितीने आम्हास दिली, तेव्हा आम्ही एखाद्या संताच्या चरित्रावर बोलू अशी पुष्कळांची अपेक्षा असावी. परंतु गेले काही रविवार मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारात ज्या एका प्रश्नाचा खल चालला आहे, तो सोडून आम्ही दुसऱ्या कशावर बोललो असतो, तर आपणांपैकी निम्म्यांचे चित्त येथे राहिले नसते. जळगावच्या ज्या तरणतलावावर आपल्या धर्मग्रामातील मुलेमुली उन्हाळाभर पोहतात, तेथील मंडळाने विक्रमांचा जुना फलक उतरवून नवा रंगविण्याचे ठरविले आहे. उताणे पोहणे, म्हणजे मुले ज्यास बॅकस्ट्रोक म्हणतात ते, त्यातील मुलींच्या ५० मीटरच्या ओळीपुढे कोणाचे नाव घालावयाचे, यावर दोन पक्ष पडले आहेत. आणि दोन्ही पक्ष, देवाच्या दयेने म्हणा किंवा आमच्या दुर्दैवाने म्हणा, आपल्याच धर्मग्रामातले आहेत.

हकिकत थोडक्यात अशी. फलकावर आजवर जे नाव होते, ते जिचे, ती आज संसारात असून तिची मुलगी आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात येते. तिने आपली वेळ याच गावच्या २५ मीटर लांबीच्या तलावात, शिक्षकांच्या हातातील स्टॉपवॉचवर दिली. दुसरी सांप्रत महाविद्यालयात शिकते. तिने ५० मीटर लांबीच्या तलावात, विजेच्या यंत्राने मोजणी होत असता, तेच अंतर काटले. तिची वेळ जुन्या वेळेहून थोड्याच अंशांनी अधिक भरली. आकडा पाहिला तर जुनी वेळ सरस. पाण्याचा विचार केला तर नवी सरस, असे जाणते म्हणतात. मंडळाच्या चालकांनी हा वाद आमच्याकडे आणला, तो आम्हास पोहण्यातले काही कळते म्हणून नव्हे, तर नोंदवह्या सांभाळण्यात आमचे आयुष्य गेले म्हणून. म्हणून नोंदीच्याच दृष्टीने आम्ही यावर बोलू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, विक्रम ही वस्तू जुनी नाही. संत पौलांनी करिंथकरांस लिहिताना शर्यतीचा दृष्टांत घेतला, कारण इस्थमसचे क्रीडामहोत्सव त्या नगरीजवळच भरत असत. परंतु त्या ग्रीक महोत्सवांत कोण पहिला आला एवढेच लिहून ठेवीत. तो किती वेळात आला हे कोणीच लिहिले नाही, कारण मोजावयास घड्याळच नव्हते. पहिला येण्यासाठी शेजारी दुसरा धावणारा लागतो. विक्रमासाठी तो लागत नाही. लागते ते घड्याळ, मोजलेले अंतर आणि साक्षीदार. मेलेल्याशी, परदेशस्थाशी आणि अद्याप जन्मासही न आलेल्याशी माणूस त्यायोगे स्पर्धा करू शकतो, आणि म्हणूनच साक्ष खोटी किंवा अपुरी असेल तर विक्रमाला काडीचीही किंमत राहत नाही.

उताण्या पोहण्याचाच इतिहास पाहा. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत हा प्रकार प्रथम आला. १९०८ साली लंडन येथे जर्मनीच्या आर्नो बीबरस्टाइनने १०० मीटरचे अंतर १ मिनिट २४.६ सेकंदांत काटले. त्या काळी पोहणारे दोन्ही हात एकदम मागे टाकीत आणि पाय बेडकासारखे झाडीत. १९१२ साली स्टॉकहोम येथे अमेरिकेच्या हॅरी हेब्नरने एकामागून एक असे हात फिरविले आणि १ मिनिट २१.२ सेकंदांत तो पहिला आला. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे जपानने या शर्यतीतील तिन्ही पदके नेली. पहिल्या कियोकावाची वेळ १ मिनिट ८.६ सेकंद होती. २०२२ साली बुडापेस्ट येथे इटलीच्या थॉमस चेक्कोनने तेच अंतर ५१.६० सेकंदांत काटले. एकशेचौदा वर्षांत तेहेतीस सेकंद! परंतु या आकड्यांची माळ एका दोऱ्यात ओवून कोणी मुलांपुढे ठेवील, तर तो पुरते सत्य सांगत नाही. या काळात हात फिरविण्याची रीत बदलली, भिंतीवर वळण्याचा नियम बदलला, तलाव बदलले आणि घड्याळेही बदलली.

नियम बदलला म्हणजे काय होते, ते १९८८ साली सोल येथे दिसले. अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने प्रारंभीचे बरेचसे अंतर पाण्याखालून, पाठीवर राहून, दोन्ही पाय माशाच्या शेपटीसारखे हालवीत काटले आणि प्राथमिक फेरीत ५४.५१ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. अंतिम फेरीत तीच युक्ती जाणणाऱ्या जपानच्या दाइची सुझुकीने ५५.०५ सेकंदांत सुवर्णपदक घेतले व बर्कॉफ दुसरा आला. त्यानंतर लगेच पाण्याखालचे अंतर १० मीटरांवर बांधण्यात आले आणि १९९१ साली ते १५ मीटर झाले. तो नियम आजही चालू आहे. पोशाखाचेही तसेच. २००९ साली रोम येथे रबरासारख्या पोशाखांत विक्रमांचा पाऊस पडला, आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले. त्या वर्षी ब्रिटनच्या लिअम टॅनकॉकने ५० मीटर उताणे पोहण्यात २४.०४ सेकंदांची वेळ दिली होती. ती मोडावयास २०१८ साल उजाडले. ग्लासगो येथे रशियाच्या क्लिमेंट कोलेस्निकोव्हने ती २४.०० वर आणली व २०२३ साली त्यानेच २३.५५ केली. टॅनकॉकचा विक्रम मात्र त्या नऊ वर्षांत कोणी पुसला नाही. तो ज्या नियमाखाली झाला, त्या नियमाखाली तो खरा होता.

आता आपल्या वादाकडे येऊ. २५ मीटरच्या तलावात ५० मीटर पोहावयाचे तर मध्ये एकदा भिंतीवर वळावे लागते. अजाण मनुष्यास वाटते की, वळण्याने वेळ जात असावा. प्रत्यक्षात पायांनी भिंतीस दिलेला रेटा हा हातांच्या कोणत्याही वल्हवण्याहून जोराचा असतो, आणि त्या रेट्यानंतर पुन्हा १५ मीटरपर्यंत पाण्याखालून जाण्याची मुभा असते. म्हणजे ५० मीटरांपैकी ३० मीटर पाण्याखालून काटता येतात. मोठ्या तलावात फक्त १५. याचा परिणाम केवढा होतो, ते जगातल्या उत्तमांच्या आकड्यांत दिसते. २०२१ साली ऑगस्टअखेर १०० मीटर उताण्या पोहण्याचा मोठ्या तलावातील जागतिक विक्रम अमेरिकेच्या रायन मर्फीचा ५१.८५ होता, आणि लहान तलावातील कोलमन स्ट्यूअर्टचा ४८.३३. साडेतीन सेकंदांचे अंतर! म्हणूनच जगात या दोन विक्रमांच्या वह्या स्वतंत्र ठेवतात, आणि एका वहीतील नाव दुसऱ्या वहीतील नावास कधी खोडीत नाही.

घड्याळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. हातात स्टॉपवॉच घेतलेला मनुष्य शिटी ऐकतो, मग बोट दाबतो; त्यात क्षणाचा अंश जातोच. शेवटी मात्र पोहणाऱ्याचा हात भिंतीकडे येताना त्यास दिसत असतो, त्यामुळे तेथे बोट वेळेवर पडते, कित्येकदा वेळेआधीही. यास्तव हाताने मोजलेली वेळ यंत्राच्या वेळेहून बहुधा कमी भरते. यात लबाडी नाही. मनुष्याचा देहच तसा घडला आहे. म्हणूनच नियम असा की, यंत्र नसेल तेथे तीन घड्याळे असावीत. दोन जुळली तर ती वेळ खरी धरावी, तिन्ही निराळी आली तर मधली धरावी. आमच्या खानदेशात एका घड्याळावर भागविण्याची जी चाल आहे, तिच्याविषयी आम्ही अधिक बोलत नाही. समोर मंडळाचे चालक बसले आहेत.

तीन घड्याळे असूनही मनुष्ये काय करू शकतात, त्याचे उदाहरण १९६० साली रोम येथे घडले. १०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेच्या लान्स लार्सनची वेळ तीन घड्याळांनी ५५.०, ५५.१ व ५५.१ दाखविली, आणि ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेविटची तिन्हींनी ५५.२. परंतु भिंतीपाशी उभ्या असलेल्या पंचांच्या डोळ्यांना जे दिसले त्यावरून डेविटास सुवर्णपदक मिळाले, आणि कागद जुळावा म्हणून लार्सनची वेळही ५५.२ अशी लिहिण्यात आली. निकालाबद्दल आमचे म्हणणे नाही. पंचांचा निवाडा मानलाच पाहिजे. पण घड्याळाने सांगितलेला आकडा निवाड्यास शोभेसा बदलून लिहिणे, हे आम्हास नोंदवहीचा धर्म मोडणे वाटते. पुढे १९६८ साली मेक्सिको येथे भिंतीवर स्पर्शपट्ट्या आल्या, आणि चार वर्षांनी म्यूनिकला यंत्राचाच अतिरेक झाला. ४०० मीटर मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीच्या दोन सहस्रांश सेकंद आधी पोहोचला असे ठरले. तेवढ्या अवधीत पोहणारा मनुष्य जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. दोन लेनच्या भिंती बांधताना गवंड्याच्या हातून त्याहून अधिक फरक पडतो. तेव्हापासून शतांशाखाली मोजू नये असा नियम झाला. यंत्र किती खरे बोलते हे ठरवून, त्यापुढे त्यास बोलू न देणे, हा शहाणपणा आम्हास फार आवडला.

शतांशास मात्र मान द्यावाच लागतो. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई सामन्यांत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले. १९८६ साली खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर चोवीस वर्षांनी पोहण्यात भारतास पदक आले ते हे. पुढे ते तहसीलदार झाले, नोकरी सांभाळून पुन्हा पाण्यात उतरले, आणि २०१८ साली जकार्ता येथे ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत त्यांची वेळ २२.४७ आली, तिसऱ्या आलेल्या जपानी तरुणाची २२.४६. एक शतांश! त्याच सामन्यांत प्राथमिक फेरीत त्यांनी २२.४३ चा राष्ट्रीय विक्रम केला होता. तीच वेळ अंतिम शर्यतीत आली असती तर पदक त्यांचे होते. तथापि पदक गेले म्हणून विक्रम गेला नाही, आणि विक्रम आहे म्हणून पदक मागता येत नाही. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी सुखाने राहतात.

विक्रमास साक्ष लागते याचे सर्वांत बोलके उदाहरण उताण्या पोहण्यातलेच आहे. बंगळूरच्या श्रीहरी नटराज यांस टोक्यो ऑलिंपिकसाठी १०० मीटरमध्ये ५३.८५ सेकंदांच्या आत यावयाचे होते. मुदत संपता संपता, जून २०२१ मध्ये रोम येथे त्यांनी केवळ घड्याळाविरुद्ध पोहून ५३.७७ अशी वेळ दिली. ती शर्यत नव्हती, वेळेची चाचणी होती. म्हणून ती धरावी की धरू नये हे जागतिक संघाने ठरवीपर्यंत त्यांस काही दिवस वाट पाहावी लागली. शेवटी मान्यता मिळाली. उलट १९२२ साली बर्म्युडा येथे सिबिल बाउअर नामक अमेरिकन मुलीने ४४० यार्ड उताणे पोहून ६ मिनिटे २४.८ सेकंद अशी वेळ दिली. ती तत्कालीन पुरुषांच्या विक्रमाहून काही सेकंदांनी सरस होती! परंतु त्या सामन्यास संघाची अधिकृत संमती नव्हती, म्हणून ती वहीत चढली नाही. दोन वर्षांनी पॅरिस येथे १०० मीटरचे सुवर्णपदक तिने घेतले, आणि १९२७ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, कर्करोगाने ती देवाघरी गेली. ज्या आईबापांना मुलीस तलावावर पाठविताना अजून संकोच वाटतो, त्यांनी हे नाव स्मरणात ठेवावे.

आता आमच्या स्वतःच्या वह्यांविषयी. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन प्रत्येक धर्मगुरूवर घातले. आजच्या धर्मकायद्यानुसार स्नानसंस्काराच्या नोंदीत बालकाचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापिता, संस्कार करणारा, ठिकाण आणि तारीख ही सर्व लिहावी लागतात. पुढे त्या व्यक्तीचा दृढीकरणसंस्कार झाला, विवाह झाला, तर ते त्याच नोंदीच्या समासात लिहितात. मूळ ओळीस हात लावीत नाहीत. आपल्या वहीत पन्नास वर्षांतील नावे आहेत. कित्येक पानांचे समास भरून गेले आहेत, परंतु एकही ओळ खोडलेली नाही.

तीच रीत फलकास लावावी, एवढाच आमचा निवाडा आहे. २५ मीटरच्या तलावाची एक ओळ आणि ५० मीटरच्या तलावाची दुसरी. प्रत्येकीपुढे नाव, वेळ, तारीख, गाव, आणि 'हातघड्याळ' किंवा 'यंत्र' असा एक शब्द. जुनी नोंद जेथे आहे तेथेच राहील; नवी नोंद आपल्या ओळीत पहिली लिहिली जाईल. आम्ही दोघींस निरनिराळे गोड लागावे म्हणून हे सुचवितो, असा काहींचा आक्षेप आमच्या कानी आला आहे. तसे नाही. एकाच ओळीत ही दोन नावे वरखाली लिहिणे हे दोन निराळ्या मापांची बेरीज करण्यासारखे आहे. शेर आणि किलो एकत्र मिळवून येणारा आकडा कोणत्याच दुकानात चालत नाही.

याचा तोटा कोणास होतो, तेही सांगितले पाहिजे. गावच्या लहान तलावात एका घड्याळावर मिळालेली वेळ मनात धरून पोर मोठ्या सामन्यास जाते. तेथे लांबलचक तलाव, मध्ये भिंत नाही, शेवटी स्पर्शपट्टी. पोर नेहमीइतकेच, किंबहुना अधिक चांगले पोहते, आणि फलकावर दिसते की आपण मागे पडलो. त्यास कोणी समजावून सांगत नाही. आमच्या पाहण्यात अशी एक मुलगी आहे. ती परत आली आणि पुन्हा पाण्यात उतरली नाही. तिच्या पोहण्यात उणे नव्हते. उणे होते ते तिला मिळालेल्या आकड्यात.

क्रमवारीसंबंधी आमचे मत मंडळास कदाचित रुचणार नाही. फलकाच्या उजव्या बाजूस प्रत्येक वयोगटातील पहिली दहा नावे क्रमाने लावण्याचा बेत आहे. मोठ्यांची खुशाल लावावीत. परंतु दहा-अकरा वर्षांच्या पोरांत जे पुढे असते, ते पुष्कळदा केवळ आधी उंच झालेले असते, किंवा त्याच वयोगटात काही महिने आधी जन्मलेले असते. दोन उन्हाळे गेले की क्रम उलटा होतो. शिवाय क्रमांक ही चीज अशी की, आपण घरी झोपलेलो असतानाही ती खाली घसरते. दुसरा कोणी पोहला म्हणजे झाले. आपली स्वतःची वेळ तशी घसरत नाही. म्हणून बारा वर्षांखालील मुलांचा क्रम न लावता, प्रत्येकापुढे त्याची मागच्या उन्हाळ्याची वेळ आणि यंदाची वेळ एवढेच लिहावे. ज्या पालकांस आपल्या मुलाचा क्रमांक नातेवाइकांस कळवावयाचा असेल, त्यांची थोडी गैरसोय होईल.

एक गोष्ट वेळेची नसली तरी ती आजच सांगितली पाहिजे. उताणा पोहणाऱ्यास भिंत दिसत नाही. म्हणून प्रत्येक भिंतीपासून ५ मीटरांवर, पाण्याच्या वर १.८० मीटर उंचीवर पताकांची दोरी बांधावयाची असते. पताका डोळ्यांवरून गेली की मुले हात मोजतात, आणि अमुकव्या हातास भिंत येते हे त्यांस पाठ असते. आपल्या तलावावर ही दोरी कधी असते, कधी नसते. दोरी नसली की पोर शेवटी भीतीने मंदावते किंवा डोके आपटून घेते. विहिरीत कमरेला भोपळा बांधून पोहणे शिकलेल्या आमच्या पिढीस हे लाड वाटतील; पण विहिरीत कोणी शतांश मोजीत नव्हते. त्या विहिरींनी एक मात्र उत्तम शिकविले. गुरुजी प्रथम पाठीवर निजावयास लावीत, तोंड आकाशाकडे, कान पाण्यात. तापी-गिरणेच्या डोहांत दर उन्हाळ्यात जी मुले जातात, त्यांना तेवढे येत असते तरी हाक ऐकून कोणी येईपर्यंत ती तरंगली असती. फलकाच्या खाली थोडी जागा राहील; तेथे वेळ न लिहिता, जी मुले पाठीवर निजून २५ मीटर पार करतात, त्यांची नुसती नावे लिहावी, अशी आमची सूचना आहे. त्या यादीस मोठ्या माणसांनाही मज्जाव नाही.

धर्मगुरूने अशा विषयात पडावे काय, असे कोणी विचारील. बाराव्या पायस पोपमहाशयांनी १९४५ साली इटलीच्या खेळाडूंपुढे खास भाषण केले होते. दुसरे जॉन पॉल यांच्यासाठी कास्तेल गांदोल्फो येथे तलावच बांधला गेला, आणि ते त्यात पोहत असत. २०२५ च्या ज्युबिली वर्षात जूनमध्ये खेळाडूंची ज्युबिली झाली, तेव्हा चौदावे लिओ यांनी रोम येथे मिस्सा अर्पण केला. आमची योग्यता त्यांच्या पायांशीही नाही, परंतु परवानगी आम्हास पुरेशी आहे असे वाटते.

मुलांनो, तुम्हास एक बातमी देतो, कदाचित ती तुम्हास आमच्या आधी कळली असेल. उताण्या पोहण्याची ५० मीटरची शर्यत जागतिक स्पर्धेत २००१ पासून आहे, पण ऑलिंपिकमध्ये ती आजवर कधी झाली नाही. २०२८ साली लॉस एंजेलिस येथे ती प्रथमच व्हावयाची ठरली आहे. म्हणजे आपल्या लहान तलावात सर्वांत चुरशीची होणारी जी शर्यत, तिचेच तेथे पदक आहे.

रंगारी येत्या शनिवारी येणार आहे. तोपर्यंत दोन्ही घरांनी आपापल्या नोंदीची तारीख, ठिकाण आणि असेल तो कागद धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून द्यावा. मंडळाने स्टॉपवॉच आणखी दोन घ्यावी आणि पताकांची दोरी कायमची बांधावी. दोरीचा खर्च महोत्सवनिधीतून देण्यास समितीने संमती दिली आहे. जुन्या वेळेच्या दिवशी घड्याळ ज्यांच्या हाती होते, ते शिक्षक आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. चहापानाच्या वेळी त्यांची साक्षीदार म्हणून सही आम्हास हवी आहे. कागद आम्ही बरोबर आणला आहे.